यीस्ट न घालता बिअर होते? जंगली यीस्टची सगळी भानगड

क्राफ्ट बिअरच्या मेन्यूवर हल्ली 'वाइल्ड एल', 'सावर', 'ब्रेट' असले शब्द दिसायला लागलेत आणि टेबलावरचा एक जण तरी विचारतोच की हे नक्की काय प्रकरण आहे, बिअर आंबट का लागतेय, खराब झालीये का, आणि खराब झाली असेल तर साध्या बिअरपेक्षा महाग का. प्रश्न रास्त आहेत. त्यात 'जंगली यीस्ट' म्हटलं की लोकांना वाटतं ब्रुअर झाकण उघडं टाकून झोपायला गेला आणि सकाळी नशिबाने बिअर तयार झाली. तसं अजिबात नाही. विकतचं यीस्ट घातलं की ब्रुअरची निम्मी काळजी मिटते. जंगली यीस्टवर काम करायचं तर महिना कुठला, रात्र किती थंड, हॉप्स किती जुने, लाकूड कुठलं, हे सगळं त्याला स्वतः सांभाळावं लागतं.

बिअर मुळात होते कशी

बार्ली भिजवायची, मोड आणायचे, मग भट्टीत वाळवायची, हे झालं माल्ट. माल्ट भरडून गरम पाण्यात ठेवलं की स्टार्चची साखर होते आणि गोड पाणी निघतं, त्याला वर्ट म्हणतात. वर्ट हॉप्स नावाच्या कडवट फुलांबरोबर उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट घालायचं. यीस्ट म्हणजे एका पेशीची बुरशी, ते साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि जाता जाता वासाची ढीगभर द्रव्यं बनवतं. जर्मन गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास येतो ना, त्यात केळं नसतं, तो यीस्टचा उद्योग.

आता स्वयंपाकघरात बघा. दह्याला आपण विरजण लावतो, म्हणजे कुठले जंतू कामाला लागणार ते आपण आधीच ठरवलेलं असतं. इडलीच्या पिठात काहीच घालत नाही, डाळ-तांदळाबरोबर जे जंतू आलेले असतात तेच पीठ फुगवतात, म्हणून मे महिन्यात पीठ भांड्याबाहेर येतं आणि डिसेंबरात सकाळपर्यंत ढिम्म हलत नाही. आजची बहुतेक सगळी बिअर दह्यासारखी बनते. जंगली यीस्टची बिअर इडलीसारखी.

यीस्ट 'पाळीव' झालं कधी?

बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध कायद्यात बिअर फक्त बार्ली, हॉप्स आणि पाण्याची करायची असं लिहिलंय. यीस्टचं नावच नाही, कारण असा काही जीव असतो हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. वापरत मात्र होते. तळाशी बसलेला गाळ पुढच्या बॅचला घालायचा, बॅच चांगली उतरली तर तिचा गाळ जपायचा, बिघडली तर फेकून द्यायचा. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं आणि नकळत यीस्टची निवड होत गेली. बेल्जियमच्या लूवेनमधल्या केव्हिन वर्स्ट्रेपेन यांच्या टीमने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली १५७ यीस्टचे जीनोम तपासून प्रसिद्ध केले, त्यात दिसलं की बिअरच्या बऱ्याच यीस्टची लवंगेसारखा वास बनवणारी जीन्स मोडलेली आहेत, माल्टची साखर पचवण्यात ती तरबेज झालीत, आणि त्यातल्या अनेकांना लैंगिक प्रजोत्पादनही धड जमत नाही. ब्रुअरीत लाडावलेली जमात. जर्मन गव्हाच्या बिअरच्या यीस्टमध्ये लवंगेचा वास टिकून आहे कारण तिथल्या लोकांना तो हवाच होता.

मग १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबोरेटरीत एमिल क्रिश्चियन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट तयार केलं. कारण सरळ होतं, बिअर मधूनच कडू आणि घाण वासाची निघायची, आणि हान्सेन यांनी दाखवलं की चांगल्या यीस्टमध्ये जंगली यीस्ट घुसल्यामुळे हे होतंय. तिथून जंगली यीस्ट हे ब्रुअरीतलं चोर ठरलं ते ठरलंच. गंमत म्हणजे त्याच लॅबोरेटरीत काही वर्षांनी, १९०४ च्या सुमारास, निल्स हयेल्टे क्लाउसेन यांनी सांगितलं की इंग्लंडच्या जुन्या मुरवलेल्या बिअरची जी खास चव आहे ती एका वेगळ्याच यीस्टमुळे येते, ते गेलं तर चवही जाईल. त्या यीस्टला नाव दिलं ब्रेटॅनोमायसिस, सगळे ब्रेट म्हणतात, आपणही तेच म्हणू.

मग यीस्ट न घालता बिअर कोण करतं?

ब्रुसेल्स शहर आणि त्याच्या पश्चिमेचा पायोटेनलंड भाग, सेन नदीचं खोरं (पॅरिसची सीन वेगळी). इथे लॅम्बिक नावाची बिअर होते. ब्रुसेल्समधली कान्तियों ब्रुअरी १९०० सालची, अजून त्याच कुटुंबाकडे आहे, आणि १९७८ पासून तिथे बिअरचं म्युझियमही आहे. तिथे कोळ्यांची जाळी झाडत नाहीत, कारण फळांवरच्या चिलटांना कोळी खातात.

लॅम्बिकमध्ये बार्लीच्या माल्टबरोबर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास कच्चा, मोड न आणलेला गहू असतो. मॅशिंग, म्हणजे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात ठेवणं, मुद्दाम असं करतात की वर्ट गढूळ राहतं आणि साध्या यीस्टला न पचणारे स्टार्चचे तुकडे त्यात भरपूर उरतात. का उरू द्यायचे ते पुढे येतंच. हॉप्स दोन-तीन वर्षं जुने वापरतात, वास आणि कडवटपणा बराचसा उडालेले. दुसऱ्या कुठल्या ब्रुअरला असे हॉप्स दिले तर तो कचऱ्यात टाकेल, पण जंतूंना आवर घालायचा हॉप्सचा गुण अजून शिल्लक असतो, आणि इथे तेवढाच हवाय. मग कित्येक तास उकळायचं.

उकळलेलं वर्ट माडीवरच्या रुंद उथळ तांब्याच्या हौदात ओततात, त्याला कूलशिप म्हणतात. खिडक्या, झरोके उघडे. रात्रभरात वर्ट वीसेक डिग्रीपर्यंत उतरतं आणि तेवढ्यात हवेतून, छतातून, भिंतींवरून जे यायचं ते येतं. सकाळी लाकडी बॅरलमध्ये भरायचं. हे सगळं साधारण ऑक्टोबर ते एप्रिलच करतात, उन्हाळ्यात रात्री वर्ट वेळेत गार होत नाही आणि हवेत नको त्या जंतूंची गर्दी फार.

आता बॅरलमध्ये पाळ्या लागतात. पहिला महिनाभर आतड्यातल्या जंतूंच्या नात्यातले एंटरोबॅक्टेरिया आणि अर्ध्याकच्च्या ताकदीची जंगली यीस्ट, या काळातली बिअर कोणी पिऊ नये आणि कोणी पीतही नाही. मग नेहमीचं सॅकरोमायसिस यीस्ट, म्हणजे पाव आणि बिअरवालंच पण इथे आपणहून आलेलं, जोर धरतं आणि काही आठवडे-महिन्यांत साखर संपवून बहुतेक अल्कोहोल बनवून मोकळं होतं. अल्कोहोल वाढलं, आंबटपणा वाढला, की पहिले जंतू मरतात. त्यानंतर पेडियोकॉकस नावाचे लॅक्टिक ॲसिडवाले जीवाणू येतात, बिअर आंबट करतात आणि बऱ्याचदा तिला तार सुटेल इतकी चिकट, बुळबुळीत करून ठेवतात, वर लोण्यासारखा वास. इथे कोणीही म्हणेल गेली बॅरल.

फेकत नाहीत, कारण आता ब्रेटची पाळी असते. ब्रेट महासंथ, पण दुसऱ्यांनी सोडलेलं सगळं खातं. ते गढूळ वर्टातले स्टार्चचे तुकडे याच्यासाठीच राखून ठेवलेले असतात. पेडियोकॉकसने केलेला चिकटपणा ब्रेट मोडतं, लोण्याचा वास घालवतं, वर पांढरी सुरकुतलेली साय धरते ती जास्तीची हवा आत जाऊ देत नाही. हे काम महिनोन्‌महिने, कधी वर्ष-दोन वर्षं चालतं. बॅरल मध्येच हलवायचं नाही, उघडायचं नाही, हवा जास्त लागली की नेलपॉलिशचा आणि व्हिनेगरचा वास येतो आणि मग खरंच गेली.

शेवटी ब्लेंडिंग. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिक एकत्र करतात, एक वर्षवालीत थोडी साखर शिल्लक असते, तीन वर्षवालीत चव मुरलेली असते, बाटलीत भरलं की उरलेल्या साखरेवर पुन्हा आंबवण होऊन फेस तयार होतो. ही झाली गझ. आंबट चेरी घालून मुरवली तर क्रीक. शंभर बॅरल असतील तर शंभर चवी, त्यातली कुठली कुठलीत किती घालायची हे नाकाने आणि जिभेने ठरवायचं. माझ्या मते खरा ब्रुअर इथे दिसतो, यीस्ट आपलं नाही पण निवड पूर्ण आपली.

घोड्याचा वास येतो म्हणतात, खरंय?

येतो, थोडासा. माल्टमधल्या काही आम्लांपासून जंगली यीस्ट आधी लवंगेच्या वासाचं द्रव्य बनवतं, ब्रेट त्याच्या एक पाऊल पुढे जाऊन इथाइल ग्वायकॉल आणि इथाइल फिनॉल बनवतं, आणि यांचा वास जुनं चामडं, धूर, तबेला असा. वाइनवाले ब्रेटच्या नावाने बोटं मोडतात ते याचसाठी. पण त्याच ब्रेटमुळे अननस, पिकलेल्या फळांसारखे वासही येतात, आणि प्रमाण योग्य असलं तर तबेला मागे राहतो. बेल्जियमच्या ऑर्व्हाल मठाची बिअर साध्या यीस्टने आंबवतात आणि बाटलीत भरताना ब्रेट घालतात, म्हणजे ताजी बाटली आणि वर्षभर ठेवलेली बाटली यांची चव सरळसरळ वेगळी. ब्रेट काय करतं हे समजून घ्यायला याहून सोपी बिअर मला माहीत नाही. मला स्वतःला गझ आवडते, पण पहिल्या घोटाला तोंड वाकडं होणं अगदी नॉर्मल आहे, दुसऱ्या-तिसऱ्या घोटापर्यंत थांबा एवढंच म्हणेन.

ब्रुसेल्सच्या हवेत जादू आहे का?

लोकांना हे फार आवडतं, अमुक खोऱ्यातल्या हवेतलं गुपित वगैरे. थोडं खरं आहे, पण जंतू नुसते हवेत नसतात, कूलशिपच्या खोलीच्या भिंती-छतात आणि मुख्य म्हणजे बॅरलच्या लाकडात मुरलेले असतात. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या ॲलागाश ब्रुअरीने २००७ मध्ये कूलशिप बसवला, पुढे इतरांनीही बसवले. २०१२ साली अमेरिकेतल्या अशा बिअरचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा तिथेही पाळ्या जवळपास त्याच क्रमाने लागताना दिसल्या, आधी एंटरोबॅक्टेरिया, मग सॅकरोमायसिस, मग लॅक्टिकवाले आणि ब्रेट. म्हणजे चवीत फरक पडतो, पण यंत्रणा परिस्थितीने ठरते. तेच जुने हॉप्स, तेच गढूळ वर्ट, तीच थंड रात्र दिली की तेच गडी हजर होतात. लॅम्बिक, गझ, क्रीक ही नावं आणि त्यांची पारंपरिक पद्धत मात्र युरोपियन युनियनच्या यादीत १९९७ पासून नोंदलेली आहे.

झाडावरचं, फुलावरचं यीस्ट पकडून चालतं का?

दुसरी पद्धत हीच. ओकच्या सालीवर, फुलांत, फळांवर, किड्यांच्या पोटात यीस्ट असतं. इटलीतल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं की गांधीलमाशा पोटात सॅकरोमायसिस यीस्ट घेऊन हिवाळा काढतात आणि पुढच्या पिढीला खाऊ घालताना देतात. द्राक्षावर यीस्ट पोचतं ते असं. संशोधक काय करतात, नमुना घेऊन थोड्या वर्टात टाकतात, जे वाढेल ते प्लेटवर पसरून एकेक जात वेगळी करतात, मग बघतात कुठलं अल्कोहोल सहन करतं, वास कसा देतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत गांधीलमाशीकडून लॅचान्सिया जातीचं यीस्ट मिळवलं, ते अल्कोहोल आणि लॅक्टिक ॲसिड दोन्ही एकटंच बनवतं, म्हणजे जीवाणू न घालता आंबट बिअर.

पण शंभरातली बहुतेक यीस्ट नापास होतात, आणि यामागचं कारण आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. माल्टमधली मुख्य साखर माल्टोज. फळांत, फुलांत, ताडा-माडाच्या रसात असते ग्लुकोज, फ्रुक्टोज किंवा सुक्रोज. जंगलातल्या यीस्टचं आयुष्य या साखरांवर गेलेलं, माल्टोज बऱ्याच जणांना पचतच नाही. म्हणून तर ताडी झाडावरच आंबायला लागते, आणि गोव्यात काजूची बोंडं कोलंबीत (म्हणजे तुडवायच्या दगडी कुंडीत) तुडवून काढलेला रस वरून यीस्ट न घालता दोन-तीन दिवसांत आंबतो, मग भाटीवर (दारू गाळायच्या भट्टीवर) एकदा गाळून उर्राक आणि पुन्हा गाळून फेणी. फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. सांगायचा मुद्दा, जंगली यीस्टवर दारू बनवणं आपल्याला नवं नाही, कोकणात-गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, पाव आणि सान्नांसाठी माडाची सूर वापरायचे तेही हेच. नवीन आहे ते धान्याच्या साखरेवर जंगली यीस्ट राबवणं, आणि ते अवघड आहे.

जंगलातून आलेल्या यीस्टचा सगळ्यात मोठा धक्का मात्र लागर बिअरवाल्यांना बसला. लागर म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेली बिअर, जगात खपणारी बहुतेक बिअर हीच, आपली किंगफिशरही. लागरचं यीस्ट हे दोन जातींचं संकर आहे हे माहीत होतं, एक आई ओळखीची, बाप गायब. २०११ साली दिएगो लिबकिंड आणि सहकाऱ्यांनी अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात बीचसारख्या झाडांवरच्या, बुरशीने केलेल्या गाठींमध्ये सॅकरोमायसिस युबायानस सापडल्याचं जाहीर केलं, थंडीत काम करणारा तो दुसरा पूर्वज हाच. नंतर ते तिबेटमध्ये आणि २०२२ मध्ये आयर्लंडमध्येही सापडल्याचं प्रसिद्ध झालं. हायनेकेनने या पॅटागोनियन यीस्टची एच फॉर्टीवन नावाची बिअर काढली. या यीस्टला माल्टमधली माल्टोट्रायोज ही साखर खाता येत नाही आणि ते लवंगेसारखा वास देतं, म्हणजे पाळीव यीस्टने जे सोडलं आणि जे शिकलं ते दोन्ही इथे उलटं बघायला मिळतं.

जंतू, मिथेनॉल, पोट, काय ते स्पष्ट सांगा

तयार लॅम्बिकचा पीएच साडेतीनच्या आसपास, वर पाच-सहा टक्के अल्कोहोल आणि हॉप्स. या तिघांत आजार पसरवणारे जंतू टिकत नाहीत. धोक्याचा काळ सुरुवातीचे काही आठवडे, आणि त्यामुळे आता काही ब्रुअर वर्ट सुरुवातीलाच थोडं आंबट करून घेतात. पांढरी साय ठीक, हिरवी-काळी केसाळ बुरशी आली तर फेकायचं, यात दुमत नाही.

मिथेनॉलची भीती आपल्याकडे साहजिक आहे. मुंबईतल्या मालवणीत २०१५ साली विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली, ते कोण विसरेल. पण तिथे कारखान्यातलं मिथेनॉल दारूत मिसळलं होतं. यीस्ट, पाळीव असो की जंगली, साखरेपासून मिथेनॉल बनवत नाही. फळांतल्या पेक्टिनपासून ते किरकोळ तयार होतं, धान्याच्या बिअरमध्ये पेक्टिन जवळपास नसतंच, आणि बिअर गाळून तीव्र करत नाहीत त्यामुळे ते साठतही नाही.

म्हणून घरी करून बघू का? नको. एक तर महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, आणि दुसरं, साखर शिल्लक असताना बाटली बंद केली आणि आत ब्रेट जिवंत असलं तर काही आठवड्यांनी बाटली फुटते, काचा उडतात, हे मजेचं नाही.

इतकी महाग का, आणि आपल्याकडे का होत नाही?

साधी एल (लागरपेक्षा उबदार तापमानाला, लवकर आंबणारी बिअर) दोन-तीन आठवड्यांत विकायला तयार, गझसाठी तीन वर्षं जागा, लाकूड आणि पैसा अडकून पडतो, दरवर्षी थोडी बिअर लाकडातून उडून जाते, काही बॅरल नाइलाजाने ओतून द्याव्या लागतात. किंमत तिथून येते, मला ती अवास्तव वाटत नाही.

आपल्याकडच्या मायक्रोब्रुअरीचं गणित वेगळं. मोजक्या टाक्या, बिअर आठवड्यांत संपली पाहिजे, मुंबईत जागेचं भाडं काय ते सांगायला नको. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दहा-बारा डिग्रीपर्यंत उतरतात, कूलशिपला त्या चालतीलही, पण मग त्याच बॅरल एप्रिल-मे कसा काढणार, एसी गोदाम लागेल. शिवाय ब्रेट एकदा पाइपात, गॅस्केटमध्ये, लाकडात घुसलं की काढणं महाकठीण, शेजारच्या टाकीतल्या साध्या लागरमध्येही शिरतं, म्हणून ज्यांना हे करायचं ते पाइप, पंप, कधी कधी इमारतच वेगळी ठेवतात. मुंबई-पुण्यातल्या ब्रुअरने टाळलं तर त्याला दोष देता येणार नाही.

मेन्यूवर दिसली तर काय विचारायचं

भारतात 'सावर' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा केटल सावर असतं. यात वर्टमध्ये लॅक्टोबॅसिलस जीवाणू घालून एक-दोन दिवस आंबट करतात, मग उकळून त्यांना मारतात आणि नेहमीचं पाकिटातलं यीस्ट घालतात, वर आंबा, कोकम काहीतरी. छान लागतं, उन्हाळ्यात तर फारच, पण त्यात जंगली यीस्टचा संबंध शून्य. दुसरा प्रकार, लॅबमध्ये वाढवलेलं ब्रेट विकत आणून घातलेली बिअर, हिला वाइल्ड एल म्हणायचा रिवाज आहे आणि चवीला ती खरंच त्या वाटेवरची असते, पण यीस्ट निवडून घातलेलं असतं. तिसरा, कूलशिपवर उघड्यावर गार केलेली, तो आपल्याला सहसा इम्पोर्टेड बाटलीतच भेटतो. तेव्हा विचारायचं एवढंच, यीस्ट घातलं की आपोआप आलं, आणि बॅरलमध्ये किती महिने होती. उत्तर 'दोन आठवडे' आलं तर ती केटल सावर समजा आणि केटल सावरचीच किंमत द्या. बाटली मागवलीत तर चिल्ड नको, दहा-बारा डिग्रीला प्या, बर्फगार केली की नुसता आंबटपणा लागतो आणि बाकी सगळं झाकलं जातं.